एका खोलीत, एकटीने, आठ नाचरी गाणी

रेकॉर्डिंगमध्ये फ्रिजची घरघर येऊ नये म्हणून आधी फ्रिज बटणावरून बंद करा आणि तुमची पर्स फ्रिजमध्ये ठेवा. रेकॉर्डिंग संपवून कामावर निघताना पर्स काढायला फ्रिज उघडावाच लागतो, आत अंधार दिसतो आणि बटण चालू करायची आठवण होते. ही युक्ती मला दोन लिटर दूध नासल्यावर सुचली.

मी डोंबिवली पूर्वेला वन बीएचकेत राहते. अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात गायले. हळदी, बारशी, गणपतीतले कार्यक्रम, सोसायट्यांचे वर्धापनदिन, सगळं केलं. दिवसा एका पतसंस्थेत कॅश सांभाळते. गेल्या दोन वर्षांत पहाटे पावणेपाच ते सव्वासहा या वेळात मी नाचायच्या आठ मराठी गाण्यांचा अल्बम केला. ३१ मिनिटांचा. शब्द, चाल, वाद्यं, आवाज, मिक्सिंग सगळं एकटीने. हे कसं केलं असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून लिहिते आहे. महागड्या स्टुडिओत जाणाऱ्यांना याचा फार उपयोग नाही. ज्यांच्याकडे एक लॅपटॉप, एक माइक आणि झोपलेलं घर आहे, त्यांनी वाचावं.

पहिलं काम: स्वतःचे हात बांधून घ्या

ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला, पॅडवाला, ढोलकीवाला, गिटारवाला असे सगळे असतात. कुणीतरी वैतागून म्हणतंच, "ताई, बास झालं आता." एकट्याने काम करताना तसं म्हणणारं कुणी नसतं. सॉफ्टवेअरमध्ये हजार आवाज असतात, आणि पहिले चार महिने मी फक्त आवाज ऐकण्यात घालवले. गाणं एकही झालं नाही.

मग कागदावर सहा आवाज लिहून तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. एक किक (ठोक्याचा खोल ढोल), एक टाळी, एक हाय-हॅट (झांजेसारखा चिक् आवाज), एक बास (सगळ्यात खालचे सूर), एक सुरांची गादी (मागे लांब धरलेले सूर) आणि एक टोचणारा सिंथ (सिंथेसायझरचा आवाज). सगळ्या आठ गाण्यांत हेच सहा. सातवा हवा असेल तर सहातला एक काढायचा. अल्बम एकाच माणसाचा वाटायला हवा असेल तर हा नियम पाळा, आवाजाच्या शोधात फिरू नका.

हे मी नव्याने शोधलेलं नाही. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून एचएमव्हीसाठी तबकडी केली. टीबी-३०३ मुळात एकट्या वादकाला बास गिटारवाल्याची सोबत म्हणून काढलेलं यंत्र. त्यांची तबकडी तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक चकित झाले, कारण शिकागोत ॲसिड हाउस नावाचं जे नाचाचं संगीत पुढे पाच-एक वर्षांनी गाजलं, त्याच्याशी ते वाजवणं फार जवळचं होतं. तीन यंत्रं आणि दहा राग, एवढंच. ती तबकडी ऐका. भैरव आणि चार मात्रांचा ठोका एका घरात कसे नांदतात ते कळेल.

दुसरं उदाहरण २००५ चं. मॅडोनाचा नाचाच्या गाण्यांचा जो अल्बम त्या वर्षी आला, त्याचं बरंचसं काम स्टुअर्ट प्राइस या निर्मात्याच्या लंडनमधल्या घरच्या स्टुडिओत झालं. तिच्याकडे पैसे कमी होते म्हणून नव्हे! बारा गाणी एकमेकांत न थांबता मिसळतात, जणू रात्रभराचा एकच नाच. आपण काय शिकायचं, तर खोली लहान असली तरी चालतं.

ठोका

नाचाच्या गाण्याला साधारण ११८ ते १२६ बीपीएम (मिनिटाला तितके ठोके) लय लागते. माझी सात गाणी १२२ वर आहेत, एक ११८ वर. सगळी जवळजवळ एकाच लयीत ठेवली की गाणी एकमेकांना जोडणं सोपं जातं आणि तुमचंही अंग त्या लयीला सरावतं. माझी लय मी घड्याळाने ठरवली नाही. स्टेशनला उशीर झाल्यावर मी ज्या वेगाने चालते तो मोजला. १२१ आला.

किक प्रत्येक मात्रेवर, एक-दोन-तीन-चार. टाळी दोन आणि चारवर. हाय-हॅट दोन मात्रांच्या मधल्या फटीत. एवढंच आठ बार (चार मात्रांचा एक बार) वाजवा, त्यात काहीही घालू नका आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐका.  माझी परीक्षक माझ्या सासूबाई. त्या मेथी निवडत बसलेल्या असताना मी नुसता ठेका लावून ठेवते. पायाचा अंगठा हलला तर ठेका पास. त्यांना मी हे सांगितलेलं नाही.

किकचा आवाज निवडताना बहुतेक जण फसतात. हेडफोनवर ८०८ ची लांब, खोल किक फार छान वाटते. फोनवर ती गायब होते, कारण तिचा जीव सगळा खालच्या सुरात. १९८३ च्या टीआर-९०९ या तालयंत्रासारखी किक घ्या. तिच्या सुरुवातीला "टक्" असा कोरडा आघात असतो, तो फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधूनही येतो. तरी किक लांबच वाटली तर तिची शेपटी कापा. १२२ च्या लयीत दोन किकमध्ये ४९२ मिलिसेकंद असतात. किक त्यातल्या निम्म्या वेळात संपली पाहिजे, नाहीतर बासला उभं राहायला जागा नाही.

बास, आणि माझी तीन आठवड्यांची चूक

किक आणि बास एकाच खोलीतले दोन भाडेकरू आहेत. दोघांनाही तळमजला हवा. यावर उपाय म्हणजे साइडचेन. किक आली की बासने मान खाली घालायची आणि किक गेली की वर करायची. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बासच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं साधन, लावा, त्याला किकचं ऐकायला सांगा, बास चार ते सहा डेसिबल खाली जाऊ द्या आणि पुढच्या अर्ध्या मात्रेच्या आत, म्हणजे २४६ मिलिसेकंदांच्या आत, परत वर येऊ द्या. बरोबर जमलं की गाणं श्वास घेतल्यासारखं हेलकावतं. जास्त झालं तर उचकी लागल्यासारखं होतं.

आता चूक. माझी गायची पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. अल्बममधलं तिसरं गाणं, "शेवटची लोकल", मी त्याच पट्टीत केलं. बासचा आवाज सॉफ्टवेअरमधून न घेता माझ्या जुन्या कीबोर्डमधून केबल लावून घेतला, कारण त्या आवाजावर माझा जीव होता. तीन आठवडे काम केलं. बास काहीवेळा फुगल्यासारखा वाटे, काहीवेळा बसल्यासारखा. मला वाटलं माझं बोट नीट पडत नाही. वीस वेळा पुन्हा वाजवला.

मग एका पहाटे गाण्याच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे बास थांबतो, तिथे मला एक "हूं" ऐकू आलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कीबोर्डच्या ॲडॅप्टरमधून आणि लॅपटॉपच्या चार्जरमधून ती गुणगुण केबलमध्ये शिरत होती. आणि पांढरी पाचचा खालचा बास स्वर ४९ हर्ट्झचा! दोन इतके जवळचे सूर एकत्र वाजले की सेकंदाला एक असा हेलकावा येतो. माझा बास फुगत-बसत होता तो महावितरणच्या तालावर. ५० हर्ट्झ कापून टाकावं, तर सोबत माझा बासही कापला जातो. सगळं पुन्हा वाजवलं.

तुम्ही हे करू नका. केबलने काही रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-कीबोर्ड लॅपटॉपला जोडणारी डबी) एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. केबल आखूड ठेवा, वेटोळं करू नका. रेकॉर्डिंगआधी काहीही न वाजवता तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि आवाज मोठा करून ऐका. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर साडेपाचला लागते, ती पण मला या तीस सेकंदांतच सापडली.

फोनवर बास ऐकू येत नाही ही तक्रार सगळ्यांची असते. फोनचा स्पीकर इतका खालचा सूर काढूच शकत नाही. बासवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे किंचित खरखरीतपणा, लावा, म्हणजे त्याचे वरचे उपसूर जागे होतात. वरचे उपसूर ऐकले की कान खालचा सूर मनानेच पुरा करतो. फार लावलं तर बास सनई होतो, एवढं लक्षात ठेवा.

शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि माझं म्हणणं असं की इथेच जावा. नाचाच्या गाण्यात शब्द कमी लागतात म्हणून ते सोपे असतात असं नाही.

"शेवटची लोकल" चा मुखडा आधी असा होता: "निघून जाऊ देत ती रात्रीची अंतिम गाडी." लिहिताना बरा वाटला. गायला गेले तर तोंडात मावेना. "रात्रीची" मधला त्र १२२ च्या लयीत चावला जातो. "अंतिम" हा शब्द मी आयुष्यात बोलताना वापरलेला नाही, स्टेशनवर तर नाहीच. मग मी स्टेशनवर खरंच काय म्हणते ते आठवलं. मैत्रिणीच्या हळदीत रात्री बारा वाजता कुणीतरी म्हणालं, "अगं, लोकल चुकेल." मी म्हणाले, "जाऊ दे."

तोच मुखडा झाला: जाऊ दे, जाऊ दे, शेवटची लोकल, जाऊ दे.

आता मोजा. पहिल्या बारमध्ये "जा" पहिल्या किकवर, "ऊ" मधल्या फटीत, "दे" दुसऱ्या मात्रेवर. पुन्हा "जा" तिसरीवर, "ऊ" फटीत, "दे" चौथीवर. म्हणजे दोन्ही "दे" टाळीवर पडले. ऐकणाऱ्याच्या हाताला वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या बारमध्ये "शे-वट-ची", मग तिसऱ्या मात्रेवर "लो" आणि चौथीवर "कल". तिसऱ्या बारमध्ये एकदाच "जाऊ दे", आणि उरलेल्या दोन मात्रा मोकळ्या. चौथ्या बारमध्ये मी काहीच गात नाही. तो बार लोकांचा. पहिल्यांदा लोकांसमोर लावलं तेव्हा त्या मोकळ्या बारमध्ये माझ्या लेकीच्या मैत्रिणींनी स्वतःहून "जाऊ दे" ओरडून भरलं, आणि मला कळलं की हे गाणं झालं.

यातून नियम काढायचा तर असा: शब्द लिहिलेल्या अक्षरांनी मोजू नका, म्हटलेल्या अक्षरांनी मोजा. "शेवटची" लिहायला चार अक्षरं, म्हणायला तीन. "लोकल" लिहायला तीन, म्हणायला दोन. मराठीत आपण मधला आणि शेवटचा अ सर्रास खातो. मात्रावृत्तात तो अ मोजायची सवय असलेले कवी इथे हमखास अडकतात. दीर्घ स्वर किकवर टाका. जोडाक्षर किकवर टाकलं तर ते फुटतं, त्याला फटीत ढकला किंवा काढा. आणि ओळ आ, ए, ओ अशा मोकळ्या स्वरावर संपली तर ती लांबवता येते, गर्दीलाही ओरडता येते. "त", "ट", "क" वर संपलेली ओळ टाळीसारखी बंद होते. तीही हवी असते, पण माहीत असून करा.

मराठीची आणखी एक गंमत. आपल्याकडे च दोन आहेत. चंद्रातला वेगळा, चुकीतला वेगळा. चुकीतला च दातांवर घासून येतो आणि माइकमध्ये "त्स्" असा फवारा उडवतो. हाय-हॅटचा आवाजही त्याच उंचीवर. माझ्या पाचव्या गाण्यात "चल, चहा घेऊ, चूक झाली तर होऊ दे" अशी ओळ आहे. त्यातले तिन्ही च हॅटच्या फटीत पडत होते आणि ऐकताना कुणीतरी कानाशी चमचे घासतंय असं वाटे. डी-एसर (असे फवारे दाबणारं साधन) लावला, तर मी बोबडी झाले. शेवटी ती ओळ अर्ध्या मात्रेने पुढे सरकवली, च किकवर आला, हॅट मोकळा झाला आणि डी-एसरची गरजच उरली नाही. यंत्राला हात लावण्याआधी शब्दाची जागा बदलून बघा.

आवाज

खोलीत घुमारा नको. मी बेडरूममधलं लोखंडी कपाट उघडून साड्यांकडे तोंड करते आणि पाठीमागे दोन गोधड्या दोरीवर टांगते. मागची भिंत महत्त्वाची, कारण तुमचा आवाज समोर जातो, भिंतीवर आपटतो आणि मागून माइकमध्ये शिरतो. माइक कंडेन्सर घेऊ नका, निदान डोंबिवलीत नको. तो समोरच्या काकूंच्या कुकरची शिट्टीसुद्धा प्रेमाने टिपतो. माझा माइक श्युअर एसएम५८, तोच जो स्टेजवर वापरायचे. एक वीत अंतर, तोंड किंचित बाजूला. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि आवाजाची टोकं उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. मोठा आवाज नंतर करता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

स्टेजवर गाणाऱ्यांनो, एक गोष्ट विसरा. स्टेजवर आपण मागच्या रांगेसाठी गातो. इथे मागची रांग एक वितीवर आहे. मी पहिले सगळे टेक छाती फोडून गायले होते आणि सगळे टाकून दिले. अंतरा असा गा की शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठणार नाही. माझ्या घरात तर खरोखरच झोपलेलं असे. मुखडा मात्र मोठ्याने. तो मी रविवारी दुपारी, सगळे मामाकडे गेले असताना गायले.

प्रत्येक ओळीचे सहा ते आठ टेक घ्या आणि त्यांतले चांगले तुकडे जोडा. मुखड्याचा मुख्य आवाज मधोमध. त्यावर तीच ओळ पुन्हा दोनदा गाऊन एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. कॉपी-पेस्ट नको. दर वेळी थोडं वेगळं गायलं जातं, त्यातूनच रुंदी येते. ऑटोट्यून (सूर आपोआप नीट करणारं साधन) लावायला मी लाजत नाही, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, असलेल्या जागी बंद ठेवते. नाहीतर ते मींडीचे जिने करतं.

आवाजामागे प्रतिध्वनी टाकताना तो लयीत टाका. १२२ ला अर्धी मात्रा २४६ मिलिसेकंद, पाऊण मात्रा ३६९. पाऊण मात्रेचा प्रतिध्वनी आवाजाला पुढे ढकलतो. हिशोब सोपा आहे: ६०,००० भागिले बीपीएम, म्हणजे एक मात्रा.

मांडणी

ऑर्केस्ट्राची सवय म्हणजे लांबलचक सुरुवातीचं म्युझिक. ती सोडा. १२२ च्या लयीत आठ बार जवळजवळ सोळा सेकंदांचे होतात. तेवढ्यात आवाज यायला हवा. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं असं मोजलं जातं, हेही डोक्यात असू द्या. पुढे आठ-आठ बारच्या पटीत चला आणि दर आठ बारांनी एक गोष्ट आत आणा किंवा बाहेर काढा. काढण्याने नाच वाढतो हे मला ढोलताशाच्या मिरवणुकीत कळलेलं. सगळे ढोल थांबून एकटा ताशा चालतो तेव्हाच लोकांच्या अंगात येतं. मुखड्याच्या आधी दोन बार किक काढून टाका. परत आली की बघा.

कोळीगीताचा हेलकावा

आपल्या लोकांच्या कमरेत चार मात्रांपेक्षा सहा मात्रा जास्त मुरल्यात. हळदीत कोळीगीत लागलं की सत्तरीच्या आजीही उठतात. मला तो झोका हवा होता, पण अल्बमची किकही सोडायची नव्हती. ११८ वालं सहावं गाणं तसं आहे. किक सरळ चार, पण तिच्यावरचं सगळं प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून: हॅट, बास, शब्द, सगळं तीनतीनमध्ये. म्हणजे बारमध्ये बारा, दोनदा सहा. सॉफ्टवेअरची ग्रिड ट्रिपलेटवर ठेवा. तिघांतला मधला भाग हलका ठेवा, पहिला आणि तिसरा वजनदार, की होडीसारखं डुलतं. तिन्ही सारखे वाजवले तर शिवणयंत्र होतं. हे मी हाताने, कीबोर्डवर बोटांनी वाजवून रेकॉर्ड केलं, माउसने टिंबं टाकून जमलं नाही.

क्रम आणि सांधे

आठ गाण्यांचा क्रम ठरवताना ती आठ चिठ्ठ्यांवर लिहून गादीवर मांडली. प्रत्येक चिठ्ठीवर पट्टी, लय आणि पहिला शब्द. शेजारच्या दोन गाण्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या सा-म किंवा सा-प नात्यात असतील तर सांधा कळत नाही. पांढरी पाचवरून पांढरी एक, तिथून पांढरी चार, असं. सर्वांत जोरदार गाणं पहिलं ठेवू नका, दुसरं ठेवा. पहिल्यात लोक आवाज कमी-जास्त करत असतात.

गाणी एकमेकांत मिसळायची असतील तर मिसळलेला अल्बम एका लांब फाइलमध्ये पूर्ण करा आणि मग बरोबर बारच्या पहिल्या किकवर कापून आठ तुकडे करा. तुकड्याच्या आधी-नंतर फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) लावलात तर मध्ये खड्डा ऐकू येतो. आणि एकटं ऐकण्यासाठी दोन-तीन गाण्यांच्या स्वतंत्र, नीट सुरू होऊन नीट संपणाऱ्या प्रतीही ठेवा. लग्नातल्या डीजेला तीच हवी असते.

मिक्स कुठे ऐकायचं

हेडफोनवर करा, पण हेडफोनवर पसंत करू नका. मी तीन ठिकाणी ऐकते. फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवून, कारण कर्कश काय आहे ते पातेलं लगेच सांगतं. लेकीच्या ब्लूटूथ स्पीकरवर, बाथरूममध्ये. आणि आमच्या नाक्यावरच्या एका रिक्षावाल्या दादांच्या रिक्षात, पेनड्राइव्हवरून. त्यांच्या सीटमागे दोन मोठे स्पीकर आहेत. पहिल्यांदा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ठोका चांगलाय, तुम्ही कुठंयत?" माझा आवाज बासखाली गाडला गेला होता. दोन डेसिबल वर आणला. तसंच मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एक करून, ऐका. रिक्षात डावं-उजवं काही नसतं, आणि गणपतीच्या मंडपातही नसतं. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध ठेवा.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, मी पहिल्यांदा पैसे देऊन करून घेतलं. गाणी अशी दाबून परत आली की साइडचेनचा हेलकावाच मेला. दुसऱ्यांदा स्वतः केलं: थोडा ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणं), शेवटी लिमिटर (टोकं अडवणारं साधन), टोकं उणे एक डेसिबलच्या वर नाहीत. स्पॉटिफाय सर्वांचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे गळा आवळून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, फक्त चपटं वाजतं. माझी गाणी उणे दहाच्या जवळ आहेत. नाचाला थोडा दाब लागतोच.

कागदपत्रं

दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरू नका. वर सांगितलेल्या २००५ च्या अल्बममध्ये ॲबा या स्वीडनच्या गटाच्या १९७९ च्या गाण्याची धून आहे, पण त्यासाठी मॅडोनासारख्या बाईलाही पत्र लिहून परवानगी मागावी लागली. आपण कोण! सॉफ्टवेअरसोबत येणारे लूप चालतात, त्यांच्या अटी एकदा वाचा.

शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. तिन्ही तुमचे असतील तर गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे सभासदत्व घ्या आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख) मिळाला आहे ना ते पाहा, तो बहुधा वितरकच, म्हणजे गाणी ॲप्सवर पोहोचवणारी कंपनीच, देतो. वितरकाचा फॉर्म भरताना भाषेच्या रकान्यात "मराठी" निवडलं गेलंय ते स्वतः तपासा. माझा अल्बम पहिले नऊ दिवस हिंदी म्हणून फिरत होता, आणि वितरकाकडून दुरुस्तीच्या प्रत्येक मेलला आभाराचा एकच छापील मजकूर यायचा. नावं देवनागरीत द्या, पण आठही गाण्यांत तुमच्या स्वतःच्या नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. नाहीतर तुम्ही दोन गायिका होता आणि दोघींनाही कुणी ओळखत नाही. प्रकाशनाची तारीख शुक्रवारची घ्या आणि किमान चार आठवडे आधी सगळं पाठवा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात. प्रत्येक गाण्याचे ट्रॅक वेगवेगळे, साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा: किक वेगळी, बास वेगळा, आवाज वेगळा. फाइलच्या नावात गाणं, लय आणि पट्टी लिहा. पाच वर्षांनी तुमचं सॉफ्टवेअर उघडेल याची खात्री नाही, वेव्ह उघडेल. दोन हार्डडिस्क घ्या. एक माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. दुसरी मी आईकडे कल्याणला ठेवली. तिने ती तांदळाच्या डब्यामागे लपवली आहे आणि वर चिठ्ठी लावली आहे, "गाणी. पुसू नये."